आधी तुकडा तपासा, मग खर्चाचं बोला

त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे कमी दिसतो. देशातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास असेल. पण कमी दिसतो म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो, आणि खर्च आजारापेक्षा या उशिरामुळेच जास्त वाढतो. तांदळाएवढी गाठ असताना काम काही हजारांत होतं. तीच गाठ नाकाच्या हाडापर्यंत पोचली की आकडा लाखांत जातो.

हा गोऱ्या लोकांचा, उन्हाने होणारा आजार आहे, अशी समजूत असते. आपल्याकडची लक्षणं मात्र वेगळी असतात. जुन्या भाजल्याच्या व्रणावर वर्षानुवर्षं न भरणारी जखम, तळपायावर किंवा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, म्हाताऱ्या माणसाच्या नाकाडोळ्याजवळ तिळासारखाच दिसणारा, अधूनमधून रक्त येणारा उंचवटा. धोतराची गाठ कमरेला सतत घासून होणारा कॅन्सर तर परळच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ सालीच नोंदवला होता. घट्ट नेसलेल्या लुगड्याखाली किंवा परकराच्या नाडीखालीही तो होतो. तेव्हा घरातल्या आजीच्या कमरेवर काळा पट्टा असेल आणि त्यात जखम झाली असेल, तर नुसती हळद लावत बसू नका. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, जूचंद्रच्या मिठागरात किंवा वाडीत अनवाणी वावरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तळपाय उजेडात कुणाकडून तरी बघून घ्यावेत. कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा.

आता पहिला खर्च. वसई-विरारमध्ये खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण पाचशे ते हजार रुपये असते. डाग संशयास्पद वाटला तर डॉक्टर जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात आणि पॅथॉलॉजीला पाठवतात. ही बायोप्सी तपासणीसकट ढोबळमानाने तीन ते सहा हजारांत होते. संपूर्ण उपचारांतला सर्वात मोलाचा खर्च हाच. केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात हेच काम नाममात्र पैशांत होतं. तिथे रांगेत सकाळ जाते, एवढंच. सुरी लावली की कॅन्सर पसरतो ही भीती लोकांच्या मनातून जात नाही. ती निराधार आहे.

खरी भीती बाळगायची असेल तर ‘तीळ, चामखीळ काढून मिळेल’ अशा पाट्यांची बाळगा. पार्लरमध्ये किंवा लेझर क्लिनिकमध्ये जाळून टाकलेला तीळ पॅथॉलॉजिस्टला तपासता येत नाही. वरून चेहरा साफ दिसतो आणि मुळाशी आजार वाढत राहतो. बदललेला, वाढलेला किंवा रक्त आलेला तीळ काढायचाच असेल, तर ‘काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना?’ हे आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून उठा.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या शेवटच्या अक्षरांकडे बघा. त्वचारोगासाठी एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.व्ही.डी. हवं. कॉस्मेटॉलॉजीचा काही महिन्यांचा कोर्स म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. कॅन्सरची शस्त्रक्रिया एम.सीएच. सर्जिकल ऑन्कोलॉजी झालेल्याने करावी. नाक, पापणी, ओठ अशी जागा असेल तर सोबत प्लास्टिक सर्जन असावा. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असणं बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का, आणि दर पाच वर्षांनी करायचं नूतनीकरण झालंय का, ते बघता येतं. आपल्या भागात बोगस डॉक्टरांवर गुन्हे दाखल होतच असतात. तेव्हा ही दोन मिनिटं खर्च करायला लाजू नका.

रिपोर्टमध्ये बहुधा तीनपैकी एक नाव येतं. बेसल सेल कार्सिनोमा सहसा शरीरात पसरत नाही, पण जागच्या जागी खात जातो. भोवतालची साधारण चार मिलिमीटर निरोगी त्वचा घेऊन तो काढला की बहुतेकांचं काम संपतं. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा काखेतल्या, जांघेतल्या किंवा मानेतल्या गाठींत जाऊ शकतो, म्हणून त्या तपासाव्या लागतात. मेलानोमा सर्वात घातक. त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि एक ते दोन सेंटिमीटर निरोगी कड घेऊन तो काढतात. हा मिलिमीटरचा आकडाच पुढचे उपचार आणि खर्च ठरवतो, म्हणून रिपोर्टमध्ये तो लिहिलेला नसेल तर मागून घ्या.

छोटी गाठ भूल देऊन काढायला खासगीत वीस ते पन्नास हजार लागतात. त्वचारोपण किंवा फ्लॅप करावा लागला तर एक ते अडीच लाख धरा. रुग्ण थकलेला असेल किंवा जागा अवघड असेल, तर रेडिएशन देतात. खासगीत त्याचेही लाख-दोन लाख सहज होतात, शिवाय सोमवार ते शुक्रवार रोज हेलपाटा. विरारहून जाणाऱ्याने ‘कमी फेऱ्यांत बसणारं वेळापत्रक चालेल का?’ असं जरूर विचारावं, कारण अनेक वयस्कर रुग्णांना तसं देता येतं. पुढच्या टप्प्यातल्या मेलानोमासाठीच्या इम्युनोथेरपीचे परदेशी ब्रँड लाखाच्या घरात जातात, तेही एका डोसला, आणि डोस दर दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचे असतात. त्यासाठी वाडी विकायला काढण्याआधी टाटामधून दुसरं मत घ्या.

पैशांची सोय कुठे होते? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत विनाशुल्क उपचार मिळतात, आणि आता सर्व रेशनकार्डधारक त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा, किंवा आधी १५५३८८ वर फोन करून चौकशी करा. मंजुरीआधीच्या तपासण्यांचे पैसे मात्र बऱ्याचदा खिशातून जातात. धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला आधीच काढून ठेवा, अॅडमिट झाल्यावर धावपळ नको.

आरोग्य विमा असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही, पण कॅन्सरनंतर चेहरा पूर्ववत करण्यासाठीची बसते. म्हणून कागदांवर ‘तीळ काढला’ असं मोघम न लिहिता निदान स्पष्ट लिहून घ्या.

शस्त्रक्रियेआधी एकूण अंदाज लेखी मागा. कडेला आजार शिल्लक निघाला तर दुसऱ्यांदा कापण्याचे पैसे वेगळे लागतील का, हेही त्यातच विचारा. रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं २०२१ च्या नियमांनुसार सक्तीचं आहे. आणि मागितल्यावर ७२ तासांत तुमचे वैद्यकीय कागद देणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे.

टाटाला जायचं ठरलं तर दादरला गाडी बदलून परळ गाठा, किंवा धीम्या लोकलने प्रभादेवीला उतरून पादचारी पूल ओलांडा. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो, त्यासाठी रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. टाटामध्ये जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग असतात. डॉक्टर तेच असतात, फरक मुख्यतः दरांत आणि सोयींत असतो. फाईल काढताना जनरल सांगायला संकोच नको. आणि नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाईडही मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः पुन्हा तपासतात, त्या नसतील तर विरारपर्यंतचा एक हेलपाटा वाढतो.