वाटणीपत्रात ०.३३ लिहू नका

जमिनीचा हिस्सा दशांशात लिहू नये, अपूर्णांकातच लिहावा. आमच्या घरच्या एका वाटणीपत्रानंतर मी हे भेटेल त्याला सांगत असतो.

जमीन १ हेक्टर २० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. आजोबांच्या वेळच्या कागदात तिन्ही भावांच्या नावापुढे ०-५-४ असं होतं: पाच आणे चार पै. रुपयाच्या पै १९२, त्यातल्या ६४ म्हणजे नेमका तिसरा हिस्सा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले आणि तीनने भाग जायची सोय गेली. नवा मसुदा टाइप करणाऱ्याने त्या ०-५-४ चे ०.३३ केले.

त्यात मधले काका वारलेले. त्यांचा हिस्सा काकू आणि तीन मुलं अशा चौघांत सारखा जायचा, म्हणजे प्रत्येकी १/१२. मसुद्यात आलं ०.०८. चुलत बहिणीने बेरीज करून पाहिली: ०.३३ दोनदा, ०.०८ चारदा, एकूण ०.९८. राहिलेले दोन शतांश म्हणजे २४० चौरस मीटर, अडीच हजार चौरस फुटांहून जास्त जागा, कुणाच्याच नावावर नाही! आणि ती नेमकी रस्त्याकडची असणार, असं प्रत्येकाला वाटू लागलं. मसुदा एका दुपारीत दुरुस्त झाला, पण तोवर दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं.

तेव्हा हातात दशांश आला, तर तो अपूर्णांकात कसा आणायचा ते पाहा.

दशांश जिथे खरोखर संपतो, तिथे काम सोपं. ०.३७५ मध्ये टिंबानंतर तीन अंक, म्हणून ३७५/१०००. दोन्हींचा मसावि १२५. त्याने अंश आणि छेद दोघांना भागलं की ३/८.

आवर्ती दशांशाला वेगळी रीत लागते. ०.०८३३३… ला क्ष म्हणा. १०० क्ष = ८.३३३…, १००० क्ष = ८३.३३३…. वजाबाकी केली की न संपणारी शेपटी जाते: ९०० क्ष = ७५. म्हणून क्ष = ७५/९००, म्हणजेच १/१२.

पण समोरचा आकडा पूर्ण आहे की कापलेला, हे कसं ओळखायचं? ०.०८३३ जसाच्या तसा घेतला तर ८३३/१०००० होतो आणि तो आणखी संक्षिप्त होतच नाही. ३३/१०० चंही तेच. वारसांच्या हिश्शात असा अवजड छेद उरला, तर कुणीतरी मधेच आकडा तोडला आहे असं समजा आणि वारस किती ते मोजून मूळ अपूर्णांक शोधा.

प्रत्येक टिंब दशांशचिन्ह नसतं, हेही ध्यानात ठेवा. जुन्या व्यवहारात २.२० एकर म्हणजे २ एकर २० गुंठे. एकराचे गुंठे ४०, म्हणून ते २० म्हणजे २०/४०, अर्धा एकर. दशांश समजून वाचलं, तर अडीच एकराचे सव्वादोनही उरत नाहीत. २ एकर ८ गुंठे होतात. सातबाऱ्यावर १.२०.५० दिसलं, तर तेही हेक्टर, आर, चौरस मीटर असं तोडून वाचा.

क्षेत्र काढताना आधी पूर्ण क्षेत्राला अपूर्णांकाने गुणा. जवळचा आकडा धरायचाच असेल, तर तो अगदी शेवटी, चौरस मीटरवर आल्यावर.

आणि सहीआधी सगळे हिस्से एका छेदावर आणा. आमच्याकडे छेद १२, अंश ४, ४, १, १, १, १; बेरीज बरोबर १२. अंशांची बेरीज छेदाइतकी भरत नसेल, तर कितीही घाई असली तरी त्या कागदावर सही करू नका.