उसना शब्द परत कधी करायचा?

प्रश्न : शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर आपण ती परत करतो. इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांनाही ‘उसने’ म्हणतात, पण ते कोणी परत केल्याचं ऐकलं नाही. मग हे म्हणणं बरोबर आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शंका रास्त आहे. वाण्याकडून माल आज आणून पैसे मागाहून दिले की ती उधारी, व्याज लागलं की कर्ज, आणि वाटीला वाटी, तीही बिनव्याजी, ते उसनं. शब्द यांपैकी कशातच बसत नाही. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, घेणारा काही फेडत नाही. मला विचाराल तर हे विरजणासारखं आहे. चमचाभर शेजारून आणलं, तरी दही आपल्याच दुधाचं लागतं.

ठाणं १७३७ साली मराठ्यांनी घेतलं, त्याआधी ते पोर्तुगीजांकडे होतं. गोव्यापासून इथवर सगळीकडून ते लोक निघून गेले. पाव, चावी, घमेलं, पगार मात्र राहिले. त्यांच्या भाषेत ‘पगार’ हे ‘पैसे देणे’ या अर्थाचं क्रियापद. आपण त्याचं नाम केलं, आणि आता तो एक तारखेला होतो न होतो तोच संपतो!

शब्द घरचा झाला का, हे बघायला त्याला प्रत्यय लावावा. रेल्वे १८५३ साली ठाण्याला, पुढच्या वर्षी कल्याणला आली. तिच्याबरोबरच्या प्लॅटफॉर्मचा आपण फलाट केला. ‘फलाटावर’ म्हणताना शब्दाचं रूप मराठी वळणाने बदलतं. ‘प्लॅटफॉर्मवर’ म्हणताना तो पाहुण्यासारखा ताठ बसून राहतो. ‘तिकीट’ तर ‘तिकिटाला’ म्हणताना आपली ईसुद्धा ऱ्हस्व करून घेतं. लोकलची गंमत वेगळी. ती आली, ती चुकली, म्हणजे स्त्रीलिंग झाली. पण भिंत-भिंतीने, वाट-वाटेने तसं ‘लोकलीने आलो’ कोणी म्हणत नाही. सकाळच्या डोंबिवलीकरासारखी ती अजून दारातच लटकलेली आहे.

परतफेडीचं एक उदाहरण मात्र सापडतं. ‘बंगला’ इंग्रजांनी इथून नेला, त्याचा ‘बंगलो’ केला. आता जागा विकणाऱ्यांच्या पाट्यांवर तोच परत आलाय : ‘बंगलो प्लॉट’, तोही देवनागरीत.