दिवा सरकला, झडपा राहिल्या

आमच्या पिंपरीत ज्या घरातला एकही माणूस कधी कारखान्यात गेला नाही, असे घर शोधावेच लागेल. त्यामुळे 'ड्रॉइंग' हा शब्द आमच्या कानांवर लहानपणीच पडतो, पण तो चित्रकलेच्या तासाला नव्हे. माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. कागदावर रेघ चुकली की शॉपवर लोखंड चुकते, असे ते म्हणत. नाटकाच्या बाबतीतही हेच खरे आहे हे समजायला मला कला शाखेच्या तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेची प्रकाशयोजना माझ्याकडे होती. आराखडा वहीत न काढता संगणकावर काढायचा, अशी हौस आली. त्यासाठी व्हेक्टरवर्क्स हे सॉफ्टवेअर घेतले. १९८५ साली मिनीकॅड या नावाने ते निघाले, १९९९ साली त्याला आजचे नाव मिळाले. आणि रंगमंचावरील दिव्यांसाठी त्यात स्पॉटलाइट नावाचा खास विभाग आहे. प्रकाशयोजनेचा आराखडा म्हणजे रंगमंचाकडे वरून पाहिल्यावर दिसेल असे चित्र. कोणत्या बारवर कोणता दिवा, त्याचा क्रमांक काय, त्याला रंग कोणता, हे सारे त्यात चिन्हांनी दाखवलेले असते. हा कागद घेऊन घोड्यावर चढणारा माणूस आमची संहिता वाचत नाही. तो फक्त चिन्हे वाचतो.

दिव्यांची चिन्हे मला जमली. घोटाळा झाला तो उपांगांत. उपांगे म्हणजे दिव्याला जोडायच्या वस्तू, ज्यांना नाट्यगृहात सर्रास अॅक्सेसरीज म्हणतात: प्रकाश कडेने कापणाऱ्या बार्नडोअरच्या चार झडपा, भिंगापुढे बसणारी नळकांड्यासारखी टॉप हॅट, नक्षीची पत्र्याची चकती म्हणजे गोबो, झोत लहानमोठा करणारी आयरिस. मी या साऱ्यांची चिन्हे दिव्याच्या चिन्हाशेजारी नुसती ठेवून दिली. पडद्यावर चित्र सुरेख दिसत होते. मग तालमीत दिग्दर्शकाने दाराची जागा बदलली आणि मागल्या बारवरचे चार फ्रेनेल मी दोन फूट उजवीकडे सरकवले. दिवे सरकले. झडपा जिथल्या तिथे राहिल्या, आणि त्यांतल्या दोन तर शेजारच्या दुसऱ्याच दिव्यांना जाऊन चिकटल्यासारख्या दिसू लागल्या. छापताना माझ्या हे लक्षात आले नाही.

दिवे लावणाऱ्या काकांनी कागदाबरहुकूम काम केले. मागल्या बारवरचे दिवे प्रेक्षकांच्या दिशेने तोंड करून असतात. झडपा नसल्या की त्यांचा उजेड थेट पुढच्या रांगांच्या डोळ्यांत जातो. आमच्या एकांकिकेचा शेवट म्हातारीच्या पाठीमागून येणाऱ्या क्षीण प्रकाशावर होता. त्या क्षणी पहिल्या रांगेतले परीक्षक कपाळावर आडवा हात धरून बसलेले मी विंगेतून पाहिले. म्हातारीचे काम करणाऱ्या मैत्रिणीने त्या प्रसंगासाठी दीड महिना मेहनत घेतली होती. तिने मला एका शब्दाने विचारले नाही, हे मला अधिक लागले.

नंतर शांतपणे बसून मी हा विषय शिकलो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने शेजारी ठेवणे आणि जोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपांगाचे चिन्ह दिव्यावर नेऊन जोडले की ते त्या दिव्याचे होते. दिवा सरकला की तेही सरकते, दिवा वळला की तेही वळते, आणि दिव्यांच्या यादीत त्याची नोंद आपोआप पडते. मी यादी हाताने केली होती. तिच्यात झडपांचे जोड चार आणि चित्रात सहा, असा प्रकार होता! कोणीही मोजले असते तर चूक तिथेच उघडी पडली असती.

जोडण्यासाठी मात्र ते चिन्ह नुसते चित्र असून भागत नाही. त्याला माहितीची नोंद चिकटवून हे उपांग आहे असे सांगावे लागते. त्यातही दोन जाती आहेत. टॉप हॅट, झडपा, गोबो यांना वीज किंवा स्वतंत्र नियंत्रण लागत नाही, त्या स्थिर. रंगाची गुंडाळी फिरवणारा स्क्रोलर मात्र वीजही मागतो आणि नियंत्रणही, म्हणून त्याची माहिती वेगळी भरावी लागते.

यानंतर येते जागा. प्रत्येक चिन्हाला एक आधारबिंदू असतो, त्या बिंदूने ते चित्रात बसते. एका झडपेचा आधारबिंदू मध्यावर आणि दुसरीचा कोपऱ्यात असेल, तर एक भिंगासमोर बसेल आणि दुसरी हवेत लोंबेल. म्हणून स्वतः चिन्हे तयार करताना सर्वांचा बिंदू एकाच नियमाने ठेवावा. कोणती वस्तू कुठे दाखवायची हे मात्र सौंदर्यदृष्टीवर नाही, यंत्राच्या रचनेवर ठरते. गोबो प्रोफाइल दिव्याच्या पोटात, भिंगाच्या मागे बसतो. भिंगापुढे धरला तर नक्षी उमटतच नाही. म्हणून त्याची खूण दिव्याच्या अंगावर, बहुधा इंग्रजी 'टी' अक्षराने, करतात. टॉप हॅट आणि झडपा भिंगापुढे. प्रोफाइलला झडपा देण्याचा शहाणपणाही मी पहिल्या आराखड्यात केला होता. त्याला आतच चार शटर असतात, हे काकांनी हसून सांगितले.

प्रमाणाचीही गंमत आहे. पार ६४ या दिव्यातला ६४ हा आकडा इंचाच्या आठव्या भागांचा, म्हणजे दिव्याचा व्यास ८ इंच. १:५० च्या प्रमाणात तो कागदावर जेमतेम ४ मिलिमीटर होतो आणि त्याच्या झडपा केसासारख्या. १:२५ ला ८ मिलिमीटर, म्हणजे वाचण्याजोगा. पण मग ४० फुटांचा बार कागदावर ४९ सेंटिमीटर होतो आणि ए-३ कागदात मावत नाही. ए-२ घ्यावा लागतो. छपाईला जास्त पैसे पडतात म्हणून आम्ही ए-३ वर भागवले होते. विंगेतल्या अंधुक उजेडात, मान वर करून काम करणाऱ्या माणसाला त्या केसांतून काय दिसणार?

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आपल्या पिंपरी-चिंचवडला झाले. नाटकांची कमी या गावाला नाही. संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे. आणि अचूक रेखाटन करणारी माणसे तर गल्लीगल्लीत आहेत. नाटकवाल्यांनी त्यांच्याकडे एकदा जाऊन बसावे, असे मला वाटते. मी नवा आराखडा वडिलांना दाखवला, तेव्हा त्यांना फ्रेनेल म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तरी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की चिन्हांची सूची कुठे आहे? ती मी काढलीच नव्हती.

आता कोपऱ्यात सूची असते, आणि ती आराखड्यातल्या चिन्हांवरूनच केलेली असते. छापण्याआधी मी कोणताही एक दिवा मुद्दाम दोन फूट सरकवून पाहतो. झडपा बरोबर आल्या तर तो परत जागेवर नेतो आणि दोन प्रती काढतो. एक माझ्यासाठी, दुसरी काकांच्या खिशात.