दुकानाचा वाटा आणि गेमकर्त्याचा वाटा

चि. भाच्यास, मु. पो. संतपूर, ता. औराद, जि. बीदर,


मोठ्या कंपनीच्या भांडवलावाचून, एकट्याने किंवा दोन-चार सोबत्यांसह गेम तयार करणाऱ्यास इंडी डेव्हलपर म्हणतात, आणि संतपुरात बसूनही असा गेम जगभर विकता येतो तो स्टीम, एपिक, इच यांसारख्या डिजिटल दुकानांमुळे. ही दुकाने गेम मांडतात, पैसे गोळा करतात आणि आपला वाटा कापून उरलेली रक्कम कर्त्याला देतात. या वाटणीलाच रेव्हेन्यू शेअर असे नाव आहे. गेम पूर्ण होण्याची वाट न पाहता चिरंजीवाने ही वाटणी आताच समजून घ्यावी, कारण गेमची किंमत, त्यावरचा खर्च आणि सोबत्यांना दिलेला शब्द या तिन्ही गोष्टी तिच्यावरच ठरतात.

वॉल्व्ह कंपनीचे स्टीम ३० टक्के घेते. २०१८ च्या अखेरीस तिने सवलतीचे टप्पे जाहीर केले, पण ते असे, की एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलर ओलांडल्यावर पुढच्या रकमेवर २५ टक्के आणि ५ कोटी ओलांडल्यावर २० टक्के कापले जातात. म्हणजे ज्याची विक्री सर्वांत थोडी, त्याच्यावरच दर सर्वांत चढा. ही रचना लहान कर्त्यावर उघड अन्याय करणारी आहे. २०२१ पासून ॲपल व गूगल यांनी १० लाख डॉलरपर्यंतच्या वार्षिक कमाईसाठी १५ टक्क्यांची सोय केली, तिचा रोख याच्या नेमका उलट आहे. एपिकने डिसेंबर २०१८ मध्ये १२ टक्क्यांवर दुकान उघडले आणि जून २०२५ पासून प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या वार्षिक कमाईवर काहीच न घेण्याचे ठरवले, तर इचवर २०१५ पासून दुकानाचा वाटा किती असावा हे कर्ताच ठरवतो. तरीही संगणकावरील गेमचे बहुतेक गिऱ्हाईक स्टीमवरच असल्याने तेथे जाणे टाळता येत नाही.

उदगीरच्या मोंढ्यात तूर घालणारा शेतकरी नुसता भाव ऐकून परतत नाही, हमाली व तोलाई वजा झालेली पट्टी हाती घेऊनच परततो. गेमचा हिशेबही तसाच वाचावा. भारतात ५०० रुपयांना विकलेल्या प्रतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो जाता सुमारे ४२४ रुपये उरतात, त्यांतून ३० टक्के म्हणजे १२७ रुपये दुकान घेते आणि कर्त्याकडे २९७ येतात. सेलमध्ये किंमत निम्मी केल्यास हा सारा हिशेब निम्म्यावर येतो, आणि खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळून परत केलेल्या प्रतीचे पैसे स्टीम ग्राहकाला सहसा परत देते व कर्त्याच्या खात्यातून वजा करते.

मधे पब्लिशर, म्हणजे आगाऊ पैसे देऊन प्रसिद्धी व वितरण पाहणारी कंपनी, आला की २९७ रुपयांचीही पुन्हा वाटणी होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ वर्गणी मागून, निधी उभारण्याचा प्रयत्न केला, उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि २०२० मध्ये तो गेम सुपर डॉट कॉम या पब्लिशरमार्फत बाजारात आला. एवढ्या आवाक्याच्या कामाला असा आधार लागतो. चिरंजीवाच्या छोट्या गेमला तो आताच लागतो असे नाही, कारण स्टीमवर गेम मांडण्याचे शुल्क १०० डॉलर आहे आणि त्या गेमची कमाई १,००० डॉलरपर्यंत पोचल्यावर तेही परत मिळते. तरीही पब्लिशरशी करार करण्याची वेळ आलीच, तर त्याने दिलेली आगाऊ रक्कम कोणत्या कमाईतून आधी वसूल होणार, प्रसिद्धीचा खर्च कोणाच्या माथी पडणार आणि गेमचे हक्क किती वर्षांनी परतणार, हे लेखी ठरल्याखेरीज चिरंजीवाने सही करू नये.

अमेरिकेतील विक्रीच्या वाट्यावर तेथील कर एरवी ३० टक्के कापला जातो, तो भारताशी झालेल्या करारामुळे १५ टक्क्यांवर येतो. त्यासाठी स्टीमवर खाते उघडतानाच कराची मुलाखत नावाचा अर्ज पॅन क्रमांकासह भरावा लागतो, म्हणून पॅन कार्ड अद्याप काढले नसल्यास ते या महिन्यातच काढावे.