गाडी सुरू का होत नाही? कारण शोधण्याचा एक पाठ



पुण्यात कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी दुचाकी धूळ खात उभी असते. बजाजची चेतक १९७२ साली आली, पल्सर २००१ साली. म्हणजे पहिल्या पल्सर गाड्यासुद्धा आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या. अशी गाडी किकला दाद देत नाही, की आपण म्हणतो, "टाका गॅरेजला." त्यात चूक काही नाही. पण त्याआधीचा अर्धा तास मुलांसोबत घालवला, तर विज्ञानाचा एक उत्तम पाठ होतो.

जुनीच गाडी का?
१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर असतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र बरेचसे दोष डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात.

पाठाचं सूत्र
इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी वेळेवर मिळायला हवी, आणि आतलं मिश्रण नीट दाबलं जायला हवं. गाडी सुरू होत नाही, म्हणजे यातलं काहीतरी कमी पडतंय. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग बदलला, फिल्टर झटकला, पेट्रोलही बदललं आणि गाडी सुरू झाली, तर नेमकं कशामुळे? सांगता येत नाही. गाडी दुरुस्त झाली, पण पाठ वाया गेला.

वहीत चार रकाने आखा : अंदाज, तपासणी, काय दिसलं, निष्कर्ष.

कृती
१. आधी फुकटातलं पाहा. पेट्रोलचा कॉक चालू आहे का? किल स्विच बंद तर नाही?

२. आठ-दहा किका मारून प्लग काढा. (२००३ नंतरच्या डीटीएस-आय पल्सरला दोन प्लग असतात.) प्लग पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय, संशय ठिणगीवर घ्या. कोरडा असेल, तर पेट्रोल कुठे अडतंय ते शोधा.

३. चालत्या गाडीच्या प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. एअर फिल्टर पाहा. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. हे काम मेकॅनिकचं.

४. पेट्रोलची रबरी नळी वाकवून पाहा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. नळीला चिरा दिसल्या तर ती बदला.

एक गणित
चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती वेळा? (उत्तर : २५.) मुलांना आधी अंदाज सांगू द्या, मग गणित करू द्या.

सावधगिरी
गाडी मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर, इंजिन थंड असताना घ्या. जवळ काडी, सिगारेट, गॅस काही नको. ठिणगीची तपासणी मोठ्यांनीच, पेट्रोल सांडलेलं नसताना करावी. ब्रेक मुलांनी फक्त पाहावेत, खोलू नयेत. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, ते शेवटी मुळा-मुठेत जातं; डब्यात भरून गॅरेजला द्या.

आणि गाडी तरीही सुरू नाही झाली तर?
तरी पाठ पूर्ण झाला. आता मूल गॅरेजमध्ये जाऊन "गाडी बंद पडलीय" एवढंच म्हणणार नाही. ते सांगेल, "काका, प्लग ओला आहे, फिल्टर साफ केलाय, पण ठिणगी पडत नाही." मग मेकॅनिक काकांना काम करताना पाहू द्या. तेही असंच एकेक कारण बाजूला सारत जातात, फक्त वही न घेता. हाताला ग्रीस लागलेल्या कामात किती डोकं लागतं, हे मुलांना तिथे दिसतं. "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये काम करावं लागेल" असं आपण सहज बोलून जातो. त्या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही.

या रविवारी करून पाहा. मुलांच्या वहीतले निष्कर्ष चुकले तरी खोडू नका. पुढची तपासणी त्यांनाच सुचवू द्या.