अंडं उजेडात धरताना

पोरी,

जावईबापूंनी अंडी उबवायचं मशीन आणलं, त्यात वनराजा जातीच्या कोंबड्यांची अंडी बसवली आणि तू रोज रात्री झाकण उघडून एकेक अंडं बॅटरीवर धरतेस, असं तुझी आई सांगत होती. आत काय चाललंय ते बघावंसं वाटणारच. पण आता हात आवर. अंडं बघायचं ते काही ठरवायचं असेल तेव्हा: हे ठेवायचं की काढायचं, मशीनमध्ये पाणी वाढवायचं की कमी करायचं. ज्या दिवशी ठरवण्यासारखं काही नसतं, त्या दिवशी अंड्याला हात लावायचा नाही. २१ दिवसांत तीनदा बघितलं की पुरे, सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी. अंडी ठेवलीस तो दिवस मोजू नकोस. पुरे चोवीस तास झाले की पहिला दिवस धर. इथेच लोक चुकतात आणि मग एकविसावा दिवस उलटला म्हणून घाबरून अंडी फोडतात.

एक बघणं मात्र अंडी बसवायच्या आधीचं. पुढच्या खेपेला प्रत्येक अंडं आधी बॅटरीवर धर. कवचाला केसासारखी चीर असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, उजेडात मात्र पांढरी रेघ चमकते. असलं अंडं पोळीबरोबर खा, मशीनमध्ये नको. दोन बलकांचंही नको. कुठून एसटीनं किंवा मोटारसायकलवर आणलेली अंडी असतील तर रुंद टोकाकडची हवेची पोकळी बघ. अंडं कलतं केल्यावर ती जागची हलत असेल, तर प्रवासात ते अंडं फार हादरलंय. अशी अंडी रुंद टोक वर करून एक दिवस स्वस्थ ठेवायची, मगच मशीनमध्ये घालायची. अंडी साठवायची तीही सात दिवसांच्या आतलीच, आणि फ्रीजमध्ये नाही. तुझ्या बार्शीच्या उन्हाळ्यात माठ ओल्या वाळूवर ठेव, आत भुसा घालून अंडी मांड, तोंडावर ओलं फडकं टाक. कडक उन्हाळ्यात घरातल्या उष्म्यानंच अंड्यात जीव धरायला सुरुवात होते आणि पुरती ऊब न मिळाल्यानं तो तिथंच मरतो. अशी अंडी नंतर कितीही चांगल्या मशीनमध्ये ठेवली तरी उपयोग नाही.

आता धरायचं कसं ते. तुझ्या आजीकडे बॅटरी नव्हती. गोठ्यात कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यासमोर ती अंडं मुठीत असं धरायची की बोटांच्या कडेनं उजेड गळू नये. जो उजेड डोळ्यांत येईल तो अंड्यातूनच आला पाहिजे, बाकी खोली काळोखी. तुझ्याकडे एलईडी बॅटरी आहे, ती चांगली, कारण तापत नाही. पुठ्ठ्याला जुन्या रुपयाएवढं भोक पाड, पुठ्ठा बॅटरीच्या तोंडावर बसव, त्या भोकावर अंड्याचं रुंद टोक टेकव आणि अंडं जरा आडवं कलव. हात साबणानं धुऊन कोरडे कर, थंड असतील तर चोळून ऊन कर. एका अंड्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ नको. आठ-दहा अंडी बाहेर काढ, ती बघून आत ठेव, मग पुढची घे. एवढ्यानं अंडी गार पडतील ही भीती बाळगू नकोस. खुडूक कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा चरायला, पाणी प्यायला पंधरा-वीस मिनिटं उठतेच.

सातव्या दिवशी जिवंत अंडं लगेच ओळखू येतं. आत तांबड्या शिरांचं जाळं पसरलेलं असतं आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका. तो पिल्लाचा डोळा. जरा थांबलीस तर तो ठिपका हललेलाही दिसेल. ज्यात काहीच धरलं नाही ते अंडं स्वच्छ पिवळं उजळतं, आत बलकाची सावली तेवढी तरंगते. तिसऱ्या तऱ्हेचं अंडं नीट ओळखायला शीक. त्यात शिरा नसतात, एक तांबडं कडं मात्र गोल उमटलेलं असतं. जीव धरला होता, पहिल्या काही दिवसांतच गेला, आणि रक्त कडेला सरकून तिथं थांबलं. स्वच्छ अंडं आणि कड्याचं अंडं, दोन्ही काढून टाकायची. आठवडाभर उबेत राहिलेलं अंडं घरात खायला वापरू नकोस, परसात खोल पुरून टाक.

पण काढण्याआधी मोज आणि वहीत लिहून ठेव. स्वच्छ अंडी जास्त निघाली तर दोष कोंबड्याकडे बघायचा. गावरानात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो, तोही म्हातारा नको. नवीन कोंबडा सोडल्यावर पहिला आठवडा गेल्याशिवाय बसवायची अंडी गोळा करायची नाहीत. तांबडी कडी जास्त निघाली तर कोंबड्याला बोल लावू नकोस. अंडी शिळी होती, किंवा साठवताना तापली, किंवा पहिल्या दिवसांत मशीनची ऊब वरखाली झाली. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश लागतात. बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या माथ्याशी मोजून साधारण एक अंश जास्त ठेवावा लागतो. थर्मामीटर अंड्याच्या उंचीलाच हवा, झाकणाला चिकटवलेला नको.

वनराजाची अंडी तपकिरी, त्यांतून उजेड कमी झिरपतो. गिरिराजाचीही तशीच. सातव्या दिवशी नुसता गढूळपणा दिसला तर ते अंडं मेलंय असं समजू नकोस. त्यावर शिसपेन्सिलीनं फुलीची खूण कर (पेनानं नाही, शाई कवचातून आत उतरते) आणि दहाव्या दिवशी तेवढीच खुणेची अंडी पुन्हा बघ. शंकेचं अंडं कधीच काढायचं नाही. मेलेलं अंडं चार दिवस जास्त राहिलं तर मशीनमधली तेवढी जागा अडते. जिवंत अंडं काढलंस तर एक पिल्लू जातं. याला अपवाद एकच. घाण वास येणारं, किंवा कवचावर घामासारखे चिकट थेंब आलेलं अंडं त्याच क्षणी बाहेर काढ. ते हळूच पिशवीत घाल आणि लांब नेऊन पूर. आत फुटलं तर त्याची घाण बाकीच्या अंड्यांच्या कवचांवर उडते आणि चांगली अंडीही नासतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लोक शिरा बघतात, जीव बघतात आणि वरची हवेची पोकळी बघायची विसरतात. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून आतलं पाणी रोज थोडं थोडं उडतं आणि पोकळी वाढत जाते. शेवटी पिल्लू आपला पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं. ती लहान राहिली तर पिल्लू ओलसर, सुजलेलं राहतं आणि कवचाला चोच लावण्याआधीच आत गुदमरतं. ती फार मोठी झाली तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो, त्याला अंडं फोडताना फिरताच येत नाही. म्हणून दर वेळी बघताना पोकळीच्या कडेनं पेन्सिलीनं बारीक रेघ ओढ. तीन वेळच्या तीन रेघा शेजारी दिसल्या की मशीनमधली हवा कोरडी की ओली ते अंडंच सांगतं.

याची खातरजमा वजनावर करता येते. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता बाजारात मिळतो, तो घे. १८ दिवसांत अंड्याचं वजन १२-१३ टक्क्यांनी उतरायला हवं. ५५ ग्रॅमचं अंडं सातव्या दिवशी ५२च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ४८च्या आसपास आलं तर ते बरोबर चाललंय. वजन कमी उतरलं तर ट्रेमधलं पाणी कमी कर, जास्त उतरलं तर वाढव. मीटरवर ४५ ते ५५ टक्के ओल दाखवली म्हणजे बहुतेकदा जमतं, पण स्वस्तातल्या मीटरवर मी विसंबत नाही, काटा आणि रेघ यांच्यावर विसंबते. आपल्या मावळात आषाढ-श्रावणात हवाच इतकी ओली असते की कधी कधी ट्रे कोरडा ठेवूनच अंडी उबवावी लागतात. तुझ्या बार्शीला माघ-फाल्गुनात तेच केलंस तर अंडी वाळून जातील. त्यामुळे मी पाणी किती घालते हे मला विचारू नकोस, तुझ्या अंड्यांवरची रेघ बघ.

चौदाव्या दिवशी अंड्याचा बराचसा भाग काळा दिसेल, निमुळत्या टोकाशी थोडा उजेड राहील. पोकळीची कड स्वच्छ रेखीव हवी, तिच्याशी शिरा दिसायला हव्यात, आणि जरा थांबलीस तर आतली हालचालही. कड पुसट, शिरा नाहीत, आणि अंडं कलतं केल्यावर आतलं काळं पाण्यासारखं हेलकावतंय, तर ते गेलं.

मधे लाइट गेली तर मशीनचं झाकण उघडू नकोस. वरून गोधडी घाल, पण हवेची भोकं बुजवू नकोस. काही तास ऊब कमी झाली तरी अंडी तग धरतात. लाइट आल्यावर भरपाई म्हणून ऊब वाढवायची नाही, त्यानंच जास्त पिल्लं मरतात. काय झालं ते त्याच रात्री बॅटरीवर बघायला जाऊ नकोस, मेलेलं अंडं त्या दिवशी जिवंत अंड्यासारखंच दिसतं. चौदावा किंवा अठरावा दिवस येईल तेव्हा कळेल.

पुढे कधी खुडूक कोंबड्या मिळाल्या तर त्याच बसव. असील फार छान बसते. कडकनाथला बसायची आवड कमी, म्हणून तिची अंडी लोक गावरान कोंबडीखाली ठेवतात. तुझी आजी दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवायची, प्रत्येकीखाली दहा-बारा अंडी. सातव्या दिवशी दोघींची अंडी बघून रिकामी काढायची, उरलेली सगळी एकीखाली घालायची आणि दुसरीला नवी अंडी द्यायची. अंडी बघायची वेळही तिनं ठरवलेली असायची: कोंबडी सकाळी चरायला उठली की तेवढ्यात. बसलेल्या कोंबडीला पोटाखालून हात घालून उठवायचं नाही, चिडून ती पायानं अंडी फोडते.

अठराव्या दिवशीचं बघणं शेवटचं. अंडं जवळजवळ सगळं काळं, निमुळत्या टोकाकडूनही उजेड येत नाही, वर पोकळी मोठी आणि तिची कड तिरकी झालेली. इथून अंडी फिरवणं बंद. तोवर दिवसातून तीन किंवा पाचदा फिरवायची, म्हणजे अंडं रोज रात्री एकाच कुशीवर राहत नाही. आता पाणी वाढव, ओल ६५-७० टक्क्यांवर ने, आणि झाकण लाव. काही जण या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडून ती हलतात का बघतात. तू ते अजिबात करू नकोस. कवचाच्या त्याच छिद्रांतून पाणी आणि घाण आत शिरते. पहिलं पिल्लू निघालं तरी झाकण उघडायचं नाही. एकाला बघायला उघडलंस की बाकीच्यांचे पापुद्रे वाळतात. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक असतो, एक दिवस दाणा-पाणी नसलं तरी चालतं. अंग फुलून कोरडं झालं की मग बाहेर काढ.

तेविसाव्या दिवशी जी अंडी उरतील त्यांना रुंद टोकाकडून एकेक फोड. हे काम ओंगळ आहे, पण टाळू नकोस. पूर्ण वाढलेलं पिल्लू ओलं, सुजलेलं दिसलं तर पुढच्या खेपेला पाणी कमी. वाळून पापुद्र्याला चिकटलेलं दिसलं तर पाणी जास्त, किंवा शेवटच्या दिवसांत झाकण उघडलं गेलंय. अर्ध्यावर थांबलेलं असेल तर वहीत बघ, त्या दिवसांत लाइट गेली होती का, अंडी फिरवायची राहिली होती का. सगळं लिहून झालं की मशीनचा प्लग काढ, आतून पुसून घे, ट्रे साबणानं धुऊन कडक उन्हात वाळव, आणि मगच पुढची अंडी बसव.