मक्याची तोर्तिया आणि चुन्याचा संस्कार

मेक्सिकोतील पारंपरिक गृहिणी कोरडा मका दळून तोर्तिया करीत नाही. १ किलो दाण्यांस सुमारे १० ग्रॅम चुना व ३ लिटर पाणी घालून ती ते मंदाग्नीवर अर्धा-पाऊण तास शिजविते, रात्रभर तसेच ठेवते, सकाळी चोळून धुते व ओलेच वाटते. साल सुटते, पिठास चिकटपणा येतो. एरवी पोळी चिरते. मुख्य लाभ निराळाच. मक्यातील बद्ध नायसिन चुन्याने मोकळे होते. युरोपात मका गेला, हा संस्कार गेला नाही. १७३५ मध्ये स्पेनच्या गास्पार कासाल यांस शेतकऱ्यांत पेलाग्रा आढळला. सबब, मकाभोजी रुग्णास त्वग्विकार व अतिसार एकत्र दिसल्यास वैद्यांनी पाकविधी अवश्य विचारावा. चुना मात्र खाण्याचाच घ्यावा, रंगकामाचा नव्हे.